ट्यूबाचा पिस्टन दर पावसाळ्यात अडकतो? आधी पेटी तपासा

चतुर्थीचे गणपती पोचवून झाले, पाऊस ओसरला, की आमच्या बॅण्डला फेस्तांची आणि लग्नांची बोलावणी यायला लागतात. (फेस्त म्हणजे चर्चचा उत्सव.) मी वाजवतो ट्यूबा, बॅण्डमधलं सर्वांत मोठं, खालच्या सुरांचं फुंकायचं पितळी वाद्य. मग खाटेखालून पेटी ओढायची, ट्यूबा बाहेर काढायचा आणि तिसरा पिस्टन, म्हणजे सूर बदलायला बोटाने दाबायचा दट्ट्या, दाबून बघायचा. सलग तीन वर्षं तो दाबला की खालीच बसायचा. टोपी धरून ओढला की वर यायचा, पुन्हा दाबला की पुन्हा बसायचा, रुसलेल्या पोरासारखा. आणि मे महिन्यात हंगाम संपताना दुसरी कटकट. तळाच्या वळणावर एक नवा पोचा, तो कधी आला हे कुणालाच ठाऊक नसायचं.

तीन वर्षं मी पिस्टनवर उपचार केले. चौथ्या वर्षी वैतागून पेटी रिकामी केली, अंगणात उलटी पाडली, तेव्हा चोर सापडला. पेटी म्हणजे ट्यूबा ठेवायची पेटी. आमच्याकडे पेटी म्हटलं की लोकांना भजनाची पेटी आठवते, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मी फोंडा तालुक्यातला. दिवसा मडकईच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्स फिटर, शनिवार-रविवार बॅण्डमध्ये ट्यूबा. वाद्यदुरुस्तीचं शिक्षण मी घेतलेलं नाही. खाली आहे ते सगळं फिटरच्या नजरेचं.

आधी पिस्टनची उलटतपासणी

पिस्टन ज्या नळकांड्यात खालीवर होतो त्याला मी सिलिंडरच म्हणतो. दोघांमधली मोकळीक सुमारे ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीहूनही कमी. अडकायला फार मोठं कारण लागत नाही. पण कारण कोणतं हे ओळखायचा एक क्रम आहे आणि तो सोडून लोक सरळ तेलाची बाटली उपडी करतात. मीही तेच करत होतो.

पिस्टन काढून सुती कापडाने कोरडा पुसा. लाकडी काठीला कापड गुंडाळून सिलिंडरही आतून पुसा. काठीचं टोक उघडं राहू देऊ नका, आत ओरखडा पडला की तो जन्माचा. मग स्प्रिंग बाजूला ठेवून पिस्टन हळूच आत सोडा. आपल्या वजनाने सरकत गेला तर त्रास मळाचा होता, सुटलात. ठरावीक जागी थांबला तर बाहेर काढा आणि खालच्या तोंडाने उलटा घालून बघा. सिलिंडरच्या त्याच जागी पुन्हा थांबला तर खोट सिलिंडरमध्ये, जागा बदलली तर पिस्टनमध्ये. शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. त्या पिस्टनची स्लाइड, म्हणजे त्याला जोडलेली ओढून बाहेर काढता येणारी वळणदार नळी, पूर्ण काढून घ्या आणि पिस्टन पुन्हा सोडा. आता मोकळा झाला तर समजायचं की स्लाइडच्या नळ्या कुठेतरी वाकल्यात आणि सिलिंडरला बाजूने रेटताहेत.

माझा मोकळा झाला. दीड बाटली तेल संपवल्यावर ही परीक्षा सुचली, त्याची हळहळ अजून आहे.

स्प्रिंग थकली असेल तर पिस्टन वर यायला आळस करतो, पण अडकत नाही. फेल्ट, म्हणजे पिस्टनला टेकू देणारी लोकरी चकती, भिजून फुगलं तर पिस्टनची उंची बदलते, पिस्टनची आणि नळ्यांची भोकं जुळत नाहीत आणि सूर कोंडल्यासारखा येतो. हे आजार वेगळे, स्वस्तात बरे होणारे.

तेलाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. आमच्या बॅण्डमधले एक वयस्कर वादक वर्षानुवर्षं खोबरेल घालत. उन्हाळ्यात झकास चालायचं. एका डिसेंबरात पहाटेच्या गारठ्यात चर्चबाहेर उभे होतो आणि त्यांचे तिन्ही पिस्टन एकदम मूग गिळून बसले. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि आमच्याकडे फेस्तांचा मोसम नेमका त्याच गारठ्याचा. बरणीत पांढरं झालेलं खोबरेल आपण रोज बघतो, पण तेच पिस्टनमध्ये होत असेल हे त्या पहाटेपर्यंत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. शिवणयंत्राचं तेल अडीअडचणीला चालतं, पण ते जाडसर असतं, मळ धरतं. पिस्टनसाठी मिळणारं पातळ तेलच घ्या, दोन थेंब पुरतात.

झाकण आणि गुडघा

स्लाइड वाकली कशी? पेटीचं झाकण बंद करायला मला दर वेळी गुडघा लावावा लागायचा. मी ते कौतुकाने सांगायचो, काय घट्ट बसते बघा पेटी! अंगणात पेटी उघडी टाकून पट्टी लावली तर झाकणाला मधोमध जवळजवळ सव्वा सेंटिमीटर बाक. प्लायवूड ओल खाऊन फुगलं होतं, त्याचे थर एका बाजूने सुटले होते, आणि तो फुगवटा बरोबर तिसऱ्या स्लाइडच्या वळणावर येत होता. म्हणजे पेटी बंद असताना ट्यूबाच्या छातीवर कुणीतरी कायम बसलेलं. वर टेम्पोतले धक्के.

नुसता हा दाब असता तर हंगामात रोज तेल पडतं, पिस्टन चालत राहिला असता. चालतही होता. पण जूनमध्ये पेटी बंद झाली की आत दुसरा उद्योग सुरू व्हायचा. वाजवून झाल्यावर नळ्यांत राहिलेलं पाणी आडव्या पडलेल्या ट्यूबात स्लाइडमधून सिलिंडरकडे सरकायचं आणि तिथेच सुकायचं. त्यात तोंडातला साखरेचा-लाळेचा अंश, जुनं तेल, पितळेतून निघालेला क्षार. चार महिन्यांत त्याचा पातळ लेप बसायचा. सिलिंडर दाबाने आधीच किंचित अंडाकृती, त्यात हा लेप, मग पिस्टनला जागा उरणार कुठून?

पाणी किती, हे मोजून बघा

दमट हवेला शिव्या घालणं सोपं आहे. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जुलैत भिंतींना घाम फुटतो, तेव्हा हवेचं नाव घेतलं की सगळे माना डोलावतात. पण मी हिशेब केला. माझी पेटी आतून साधारण ११० बाय ६० बाय ५० सेंटिमीटर, म्हणजे ३३० लिटर जागा. २८ अंश तापमानाची पूर्ण ओलावलेली हवा घनमीटरला २७ ग्रॅम पाणी धरते. ९० टक्के आर्द्रता धरली तर माझ्या पेटीतल्या सगळ्या हवेत पाणी किती? आठेक ग्रॅम. दीड-दोन चमचे!

आता दुसरी बाजू. एका मिरवणुकीत तीन तास वाजवून घरी आलो, सगळ्या स्लाइड्स काढल्या, ट्यूबा या कुशीवरून त्या कुशीवर फिरवला आणि निघालेलं पाणी औषधाच्या मापात घेतलं. ३८ मिलिलिटर. हवेतल्या पाण्याच्या जवळजवळ पाचपट, आणि ते मी स्वतः फुंकून भरलेलं. श्वास बाहेर पडतो तो गरम आणि ओलाव्याने तुडुंब, पितळ त्याहून थंड, मग नळीत दव धरतंच. बी-फ्लॅट ट्यूबाची मूळ नळीच सुमारे साडेपाच मीटर लांब, पिस्टनच्या नळ्या वेगळ्या. पाणी लपायला जागा भरपूर.

म्हणून सिलिका जेलच्या पुड्या टाकून समाधान मानणाऱ्यांना एवढंच सांगेन की आधी पाणी काढा. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के पाणी शोषतं. बुटांच्या डब्यातल्या दोन पुड्यांचा इथे काही उपयोग नाही. मी अर्धा किलो जेल जुन्या सुती पिशवीत घालून ठेवतो आणि दर पंधरवड्याला ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरतो. नारिंगी दाणे घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकघरात नको.

आणखी एक फसवी जागा म्हणजे वातानुकूलित सभागृह. दोन तास २२ अंशांत बसलेला ट्यूबा पावसाळी संध्याकाळी बाहेर काढला की बाहेरून सगळा घामेजतो. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर पंचवीस अंशांखालच्या कुठल्याही धातूवर दव धरणार. तशा ट्यूबाला लगेच पेटीत कोंबू नका. आत पेटीत ठेवूनच बाहेर न्या आणि अर्ध्या तासाने उघडा, किंवा पुसून बाहेरच राहू द्या. मी पूर्वी घाईघाईने भरायचो, वर 'पाऊस लागू नये म्हणून' असं कारणही सांगायचो.

रंग बघून आजार ओळखा

हिरवी पूड म्हणजे तांब्याचा क्षार. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा वरवरचा. पांढुरकी पूड जस्ताची. काळजी करायची ती गुलाबी डागांची. लॅकरच्या, म्हणजे पितळेवरच्या पारदर्शक लेपाच्या, खाली गुलाबी ठिपका, त्याच्या मधोमध काळसर टिंब, असं दिसलं तर पितळेतलं जस्त आतून निघून जातंय आणि मागे सच्छिद्र तांबं उरतंय. तोंडाजवळच्या नळीला हे आधी होतं, कारण श्वासाचा पहिला मारा तिथे. तो डाग घासून जाणार नाही. एक दिवस तिथे भोक पडेल, तेव्हा नळी बदलायची तयारी ठेवा. नळी दर महिन्याला कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने धुतली तर हे बरंच लांबतं. उकळतं पाणी नको, लॅकर सुटतं.

चिंच आणि सोलंही नकोत. माझ्या आईने एकदा दिवाळीच्या आधी समयांबरोबर माझ्या ट्यूबाचा भोंगाही चिंच आणि राखेने घासून काढला. समया लखलखल्या. भोंग्याचं लॅकर मात्र राखेने खरवडून गेलं, आणि तो आठ दिवसांत पहिल्यापेक्षा काळा पडला. आईचं म्हणणं, "एवढं मोठं पितळ घरात आहे, ते का मळकं ठेवायचं?" तिला काय उत्तर देणार? समईला लॅकर नसतं, ती दर सणाला घासायचीच असते. ट्यूबावर मात्र लॅकर हेच पितळेचं पांघरूण.

पेटी कुठे ठेवता हेही विचारायला हवं. माझी आधी गोठ्याच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत होती. इंग्रज सैन्याच्या काळात भारतात पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. ती घोड्यांच्या पागांत साठवलेली असायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि काडतूस घडवताना पितळेत राहिलेला ताण, या तिघांमुळे तडे जात, हे १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिलं. पावसाळ्यात व्हायचं म्हणून त्याला नावच 'सीझन क्रॅकिंग' पडलं. ट्यूबाचा भोंगाही पत्रा ठोकून, ओढून घडवतात, ताण त्यातही असतो. गाईच्या गोठ्यात घोड्यांच्या पागेइतका अमोनिया नसेलही, पण मी पेटी हलवली. काही पितळ-पॉलिशमध्येही अमोनिया असतो, उघडताच नाकाला झोंबलं तर ती बाटली समईपुरती ठेवा.

एक आगंतुक पाहुणी राहिली. कुंभारीण माशी. एका ऑक्टोबरात कितीही फुंकलं तरी सूर येईना. माउथपीस काढून टॉर्च मारली तर तोंडाच्या नळीत छान लिंपलेलं मातीचं घर. नळीच्या तोंडाला प्लास्टिकचं बूच लावा.

पेटीचं शवविच्छेदन

आता मूळ चोराकडे. पेटीचं अस्तर ओढलं तेव्हा खालचा स्पंज हाताला चिकटला आणि तिळाच्या लाडवासारखा भुगा झाला. पॉलियुरेथेन फोमचे काही प्रकार दमट हवेत पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन असेच चिकट होऊन विरतात. थंड कोरड्या देशात हा फोम बराच काळ टिकत असेल, आमच्याकडे त्याने सहा वर्षांत राम म्हटलं. अस्तर मखमलीसारखं, सरसाने चिकटवलेलं. सरस म्हणजे बुरशीला पंगतीचं जेवण. प्लायवूड आणि त्याच्या गोंदातून आम्लाचा वाफारा निघतो तो वेगळाच, आणि बंद पेटीत तो जाणार कुठे? पितळेवरच. तळाला पाणी जायला एकही भोक नाही. एवढी सुंदर लाल मखमल, बाहेरून चकचकीत रेक्झिन, आणि आत सगळी सोय बुरशीची. वाद्याच्या नळीत वाढलेल्या बुरशी-जंतूंमुळे वादकाच्या फुप्फुसांना सूज आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, तेव्हा वास येतो एवढ्यावर हे हसण्यावारी नेऊ नका.

पोच्याचा शोध घ्यायला मी कारखान्यातली युक्ती वापरली. दोन भाग एकमेकांना कुठे टेकतात हे बघायला आम्ही एकाला निळा रंग फासतो आणि दुसऱ्यावर तो कुठे उमटतो ते बघतो. घरात निळा नव्हता, शिगम्यातला उरलेला गुलाल होता. ट्यूबाला जागोजाग कोरडा गुलाल चोळला, पेटीत ठेवला, कडी लावली, पेटी उभी केली, आडवी केली, टेम्पोत टाकून बाजारापर्यंत जाऊन आलो. उघडल्यावर गुलाल उमटला होता नेमका तीन ठिकाणी. भोंग्याची कड, तिसरी स्लाइड आणि तळाचं वळण. मधला सगळा भाग स्वच्छ. म्हणजे दहा किलोंचं वाद्य त्याच्या सर्वांत नाजूक तीन जागांवर टेकलेलं, आणि जिथे नळ्या जाड, एकमेकींना पट्ट्यांनी जोडलेल्या आहेत तिथे आधारच नाही. पेटी उभी ठेवली की सगळा भार तळाच्या वळणाच्या रुपयाएवढ्या जागेवर. पत्रा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा, पोचा येणार नाही तर काय!

मखमल अजून गुलाबी आहे. म्हणजे जी उरली ती.

बदल केले ते असे. जुना फोम पूर्ण काढला. त्या जागी बंद पेशींचा पॉलिथिलीन फोम घातला, थर्मोकोल नव्हे. तो पाणी पीत नाही आणि विरत नाही. त्याचे ठोकळे कापून आधार दिले ते भोंग्याच्या गळ्याखाली, जिथे भोंगा निमुळता होऊन जाड होतो, आणि मधल्या पट्ट्यांजवळच्या नळ्यांखाली. भोंग्याची कड चारी बाजूंनी बोटभर मोकळी. तळाच्या वळणाखाली टणक ठोकळा नाही, तर दोन बाजूंनी कुशीत घेणारी खोबण, म्हणजे भार एका बिंदूवर न पडता पसरतो. झाकणाचं प्लायवूड फेकून नवं मरीन प्लायवूड लावलं, आतून-बाहेरून पॉलियुरेथेन वॉर्निश मारलं आणि उघडं ठेवून पंधरा दिवस उन्हात वाळू दिलं, वास पूर्ण जाईपर्यंत. अस्तर म्हणून धुता येणारी सुती चादर वेलक्रोने लावली. दिसायला भिकार आहे. दर महिन्याला धुता येते.

पुन्हा गुलाल लावून बघितला. दुसऱ्या फेरीत स्लाइडवर अजून किंचित रंग उमटला, तिथला ठोकळा अर्धा सेंटिमीटर तासला. तिसऱ्या फेरीत स्वच्छ.

पेटी हवाबंद असावी का, यावर आमच्या बॅण्डमध्ये दोन तट आहेत. रबरी पट्टी लावून हवाबंद केलेली पेटी म्हणजे ओल्या ट्यूबासाठी कुकर, हे माझं मत. पूर्ण कोरडा करून, जेल घालून, चार महिने न उघडता ठेवणार असाल तरच हवाबंदला अर्थ आहे. तसं कोण करतं? मी तळाला चार कोपऱ्यांत आठ मिलिमीटरची भोकं पाडून त्यांवर आतून स्टीलची जाळी लावली, माशी-मुंगी येऊ नये म्हणून. झाकणाच्या बाजूला दोन झडपा. प्रवासात बंद, घरी उघड्या. पाऊस अडवायला पेटीवर वेगळा ताडपत्रीचा झगा. आत दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक. मागच्या जुलैत खोलीत ८८ दाखवत असताना पेटीत ६४ होतं. सत्तरच्या वर गेलं की बुरशीला आमंत्रण, तेव्हा ६४ वर मी खूश आहे.

कड्या-बिजागऱ्या लोखंडी, वर चकचकीत मुलामा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात दोन वर्षांत गंजतात आणि मग लग्नाच्या दारात पेटी उघडत नाही. स्टेनलेस स्टीलच्या घ्या. किनाऱ्यालगत राहत असाल तर ३१६ प्रतीचं, आत डोंगराकडे ३०४ पुरे.

मूठ. पेटीची मूठ पेटीच्या मधोमध असते, पण ट्यूबाचा भार मधोमध नसतो. ट्यूबा आत ठेवून पेटीखाली एक गोल दांडा आडवा घाला आणि पेटी कुठे तोलून राहते ते बघा. माझी खूण मुठीपासून चौदा सेंटिमीटर दूर निघाली, पिस्टनच्या बाजूला. म्हणून उचलली की एक टोक खाली जाऊन दगडावर आपटायचं, दर वेळी तेच टोक, तळाच्या वळणाचं. पोच्याचा दुसरा हात हा होता. मूठ तिथे सरकवली, रिवेट काढून आरपार बोल्ट टाकले आणि आतून पत्र्याची पट्टी दिली. चाकं होती पाच सेंटिमीटरची, सपाट फरशीसाठी केलेली. आमच्या जांभ्याच्या पायवाटेवर ती प्रत्येक खाचेत अडून पेटी तोंडावर पाडायची. साडेबारा सेंटिमीटरची रबरी चाकं लावली.

ट्यूबातच काय बदलता येईल

सगळा दोष पेटीवर ढकलून चालणार नाही. माझ्या ट्यूबाच्या तिसऱ्या स्लाइडला पाणी काढायची चावीच नव्हती. घडवणाऱ्याने ती पहिल्या मोठ्या वळणावर दिली आणि काम झालं म्हटलं. तिसरा पिस्टन सूर दीड स्वरांतराने उतरवतो, त्याची नळी पहिल्या दोघांपेक्षा लांब, पाणी तिथे साठणारच. मी सर्वांत खालच्या जागी चावी डकवून घेतली. चार पिस्टनांच्या भरपाईवाल्या (कम्पेन्सेटिंग) ट्यूबात तर आणखी पंचाईत. इंग्लंडमधल्या ब्लेकली यांनी १८७४ मध्ये ती रचना आणली ती सूर नीट लागावा म्हणून. चौथा पिस्टन दाबला की हवा बाकीच्या पिस्टनांच्या जादा वेटोळ्यांतून पुन्हा फिरते. सूर सुधारला, पण ती आखूड वेटोळी पाण्याची आणि मळाची कायमची बिऱ्हाडं झाली. असा ट्यूबा असेल तर प्रत्येक पिस्टन काढून उलटा करूनच पाणी काढा.

तळाच्या वळणावर जर्मन सिल्व्हरची संरक्षक पट्टी डकवून घ्या. नावात चांदी असली तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्तच असतं, पण पितळेपेक्षा टणक.

पोचे काढायला मी डिचोलीकडच्या एका समया घडवणाऱ्या कासाराकडे गेलो होतो. त्याने भोंगा हातात घेऊन दोनदा फिरवला आणि म्हणाला, "अरे बाबा, हे वरून मारायचं नाही, आतून लोटायचं. मारलं की पत्रा पसरतो, मग तो कुठे मावणार?" त्याच्याकडे वळणात जाईल असा पोलादी गोळा नव्हता, तो मी कारखान्यात जुन्या बेअरिंगचे गोळे गोळा करून नेला. लहान गोळ्यापासून सुरुवात करून, गोळ्याला दांडा लावून आतून रेटत त्याने दोन पोचे जवळजवळ पुसून टाकले. तिसरा वळणाच्या खोल पोटात होता. तो तसाच आहे.

सुटा होणारा भोंगा हा मात्र मला सर्वांत पटलेला उपाय. वाद्यं घडवणारे मोरित्झ आणि लष्करी बॅण्डचे वीप्रेख्त यांनी बर्लिनमध्ये १२ सप्टेंबर १८३५ रोजी ट्यूबाचं पेटंट घेतलं तेव्हापासून हे वाद्य बहुतेक एकसंधच. पण अमेरिकेतले बॅण्डमास्टर सूझा यांच्या बॅण्डच्या निमित्ताने १८९३ मध्ये वाद्यं बनवणारे जे. डब्ल्यू. पेपर यांनी सूझाफोन घडवला. अंगाभोवती वेढा, आणि भोंगा वेगळा काढता येणारा. मिरवणुकीत तो खांद्यावर, गाडीत त्याचे दोन भाग. ट्यूबाला गळ्याजवळ तीन स्क्रूंचा जोड दिला तर पेटी जवळजवळ निम्मी होईल, भोंगा वेगळ्या चपट्या पेटीत जाईल आणि त्याच्या कडेवर कुणाचाच भार येणार नाही. असे ट्यूबा मिळतातही, फक्त आमच्यासारख्या बॅण्डच्या हाती फारसे येत नाहीत. जोड सैल झाला तर खालच्या सुरांना झणझणाट येतो, ही त्याची खोड. त्याला स्क्रू आवळणं हा उपाय आहे. मुरगळलेल्या भोंग्याला तो नाही.

यंदा ऑक्टोबरात पेटी उघडली, पिस्टनवर दोन थेंब टाकले, चारही आपल्या वजनाने उतरले. वर्षभरात नवा पोचा एकही नाही. भोंग्याच्या कडेला एक सुरकुती आहे ती पेटीची नव्हे, ट्यूबा रिक्षात मांडीवर घेऊन बसलो तेव्हाची. मोठी चाकं लावल्यामुळे पेटी आता खाटेखाली जात नाही, सोप्यावर भिंतीला टेकून असते. आई तिच्यावर रोजचा पेपर ठेवते. दर रविवारी आठवड्याभराची रद्दी उचलल्याशिवाय झाकण उघडत नाही.